बुडी मारून चिंबोरी धरणारे आपले पूर्वज

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत समाजाच्या पूर्वेतिहासावर एखादा तरी लेख असावा असा प्रघात आहे आणि तो स्तुत्यही आहे. आजवरच्या अशा लेखांतून मुंबईच्या सात बेटांवरील आपल्या मूळ वस्तीचा, मुंबादेवीच्या स्थानाचा, शिवछत्रपतींच्या व पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमारात नाव कमावलेल्या दर्यावर्दी पूर्वजांचा परामर्श वेळोवेळी घेतला गेला आहे. गलबते, मचवे, डोलजाळी यांची वर्णनेही आपण वाचली आहेत. ती वाचून प्रत्येक ज्ञातिबांधवाचा ऊर अभिमानाने भरून आल्यावाचून राहत नाही.

परंतु वाचकहो, याच समाजाचे एक अंग असे होते की, ज्याच्याजवळ होडी नव्हती, जाळे नव्हते आणि पागही नव्हता. त्याचे सारे भांडवल म्हणजे दोन हात, छातीत मावेल तेवढा श्वास आणि खाडीच्या तळाची ओळख. ओहोटी संपून पाणी क्षणभर थबकले की तो खाडीत उतरे, बुडी मारी आणि तळच्या गाळातून किंवा दगडांच्या कपारीतून चिंबोरी हाताने धरून वर येई. या माणसाविषयी आपल्या स्मरणिकेत आजवर एक ओळही आलेली नाही. ती उणीव यथाशक्ती भरून काढावी, या हेतूने आम्ही ही लेखणी हाती घेतली आहे. त्यास आणखी एक खाजगी कारण आहे. ते योग्य स्थळी सांगू.

प्रथम हा विचार मनात येतो की, अशा माणसाची नोंद का राहत नाही? आमच्या मते त्याचे कारण सरळ आहे. ज्या वस्तूवर कर बसतो तिची नोंद होते. मानारच्या आखातात मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्यांचे हिशेब पोर्तुगीज, डच व इंग्रज या तिन्ही सत्तांच्या दप्तरांत सापडतात. कारण त्या शिंपल्यांत सत्तेचा वाटा होता. चिंबोरी मात्र सकाळी खाडीतून निघावी, दुपारी पाटीत बसावी आणि रात्री कोणाच्या तरी कालवणात शिजावी. तिच्यावर कोणी कसला कर बसवावा आणि कोणी कसला दप्तरदार नेमावा? गोविंद नारायण माडगावकर यांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहिले, १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले आणि १९५९ साली विजया पुणेकर यांचा मुंबईच्या सोनकोळ्यांवरील इंग्रजी ग्रंथ बाहेर पडला. असे ग्रंथ आपल्या समाजाच्या अभ्यासकास मोलाचे आहेत. परंतु कोणत्याही ग्रंथकाराची दृष्टी साहजिकच बंदर, होडी, जाळे आणि बाजार यांच्याकडे आधी वळते. चिखलात कोपरापर्यंत हात घालून बसलेला मनुष्य दुरून दिसत नाही.

सर्वत्र असेच घडते असे मात्र नव्हे. कोरियातील जेजू बेटावर ‘हेन्यो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया कोणत्याही श्वसनयंत्रावाचून बुडी मारून समुद्रतळावरील शंखशिंपले वेचतात. त्यांच्या परंपरेस २०१६ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. याचे श्रेय त्यांच्या समाजाने जपलेल्या आठवणींकडे जाते. आपण काय जपले, हा प्रश्न म्हणूनच आपणांस टाळता येणार नाही.

आता ज्या जीवाभोवती ही विद्या वाढली त्याकडे वळू. खेकडा आपल्या वाङ्मयास नवा नाही. पंचतंत्रातील बगळा आणि खेकडा यांची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. तळे आटणार अशी भीती घालून धूर्त बगळा एकेक मासा दुसऱ्या तळ्यात नेण्याच्या मिषाने गिळून टाकतो. शेवटी खेकड्याची पाळी येते, आणि बगळ्यावर स्वार झालेला खेकडा खडकावरील हाडांचा ढीग पाहून सारे काही ओळखतो व नांगीने बगळ्याची मान तोडतो. या कथेत खेकड्याला ‘कुलीरक’ असे म्हटले आहे. संस्कृतातील ‘कुलीर’ आणि मालवण-गोव्याकडील ‘कुर्ली’ ही एकाच घरातील नावे दिसतात. मुंबईच्या कुर्ला या उपनगराचे नावही या कुर्लीवरूनच पडले, असे सांगितले जाते. कारण मिठी नदीच्या काठच्या दलदलीत एके काळी खेकडे विपुल होते. आज त्या स्थानकावरून रोज लक्षावधी माणसे येजा करतात; त्यांतील कितीजणांस आपण एका खेकड्याच्या नावाने बांधलेल्या गावात उतरलो आहोत याची कल्पना असेल?

पाश्चात्त्य शास्त्रात या खाडीच्या चिंबोरीचा प्रवेश कसा झाला तेही मनोरंजक आहे. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठविलेल्या शोधमंडळात पीटर फोर्स्काल नावाचा एक तरुण निसर्गशास्त्रज्ञ होता. तांबड्या समुद्राच्या काठी त्याने या खेकड्याचे वर्णन टिपून ठेवले. परंतु १७६३ च्या जुलै महिन्यात येमेनमध्ये त्याचे देहावसान झाले. त्याचा सहप्रवासी कार्स्टन नीबूर त्याच वर्षी जहाजाने मुंबईस येऊन पोहोचला आणि येथे वर्षाहून अधिक काळ राहिला. स्वदेशी परतल्यावर त्याने १७७५ साली मृत मित्राच्या टिपणांचा ग्रंथ छापला आणि त्यातून या चिंबोरीला तिचे शास्त्रीय नाव मिळाले. ते आज ‘स्कायला सेराटा’ असे लिहितात. ज्या मुंबईत नीबूर इतके दिवस राहिला, त्या मुंबईच्या खाड्यांत तेव्हा आपले पूर्वज हीच चिंबोरी धरीत होते. नाव देणारे आणि धरणारे एकाच गावात असूनही त्यांची गाठ पडली असेल असे वाटत नाही.

यापुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. सुमारे सव्वादोनशे वर्षांनी, १९९८ साली, शास्त्रज्ञांनी सूक्ष्म तपासणी करून असे ठरविले की, या एका नावाखाली वस्तुतः चार निरनिराळ्या जाती एकत्र झाल्या होत्या. त्यांपैकी एक मोठी, हिरवट अंगाची, पायांवर जाळीदार नक्षी असलेली आणि बहुधा खोल पाण्यात मोकळी हिंडणारी. तर दुसरी लहान, तांबूस नांग्यांची, तिवरांच्या मुळांशी बीळ करून राहणारी. आमच्या आजोबांना शास्त्र ठाऊक नव्हते. परंतु “बिळातली वेगळी आणि पाण्यातली वेगळी; दोघींची बीजेच निराळी,” असे ते १९६० च्या सुमारास आम्हांस सांगत. बिळातल्या चिंबोरीसाठी ओहोटीच्या वेळी चिखलात चालत जावे लागे, आणि पाण्यातल्या चिंबोरीसाठी बुडी मारावी लागे. दोन जातींच्या दोन निरनिराळ्या विद्या होत्या; मग त्यांना या जाती दोन आहेत हे कळू नये, असे कसे होईल?

आमचे आजोबा ठाणे खाडीच्या काठी राहत. ही खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब असून तिच्या मुखाशी मुंबईचे बंदर आहे. उधाणाच्या दिवशी येथील भरती-ओहोटीत पाच मीटरांपर्यंत अंतर पडते. भांगाच्या दिवशी ते पुष्कळ कमी असते. बुडी मारणाऱ्यास भांगाचे दिवस अधिक सोयीचे, कारण तेव्हा ओढ कमी असते आणि पाणी थबकलेले राहण्याची वेळ थोडी लांबते. त्या थोड्या वेळात जे काम होईल तेच खरे. भरतीची पहिली ओढ पायाला लागली की कितीही मोह झाला तरी वर यावयाचे, हा नियम होता.

खाडीचे पाणी गढूळ असते. डोळे उघडे ठेवूनही काही दिसत नाही. त्यामुळे आजोबा डोळे मिटूनच खाली जात. एक बांबू तळात रोवलेला असे; डाव्या हाताने तो धरावयाचा आणि उजव्या हाताने तळ चाचपावयाचा. आधी पायाच्या तळव्याने गाळाचा अंदाज घेत. मऊ गाळात अर्धवट रुतून बसलेली चिंबोरी पायाला गुळगुळीत दगडासारखी लागते. पण दगड थंड आणि स्थिर असतो, चिंबोरी पायाखाली किंचित सरकते. मग श्वास भरून खाली जावयाचे. एकवीरा आईचे नाव मनातल्या मनात तीस वेळा घ्यावयाचे आणि तिसाव्या नावाला, हात भरलेला असो वा रिकामा, वर यावयाचे.

धरण्याची रीत त्यांनी आम्हांस प्रथम जमिनीवर शिकविली. “पुढून गेलास तर हात तिचा, मागून गेलास तर ती तुझी,” हे त्यांचे पहिले वाक्य. चिंबोरीच्या नांग्या पुढे आणि बाजूंना फिरतात. पाठीमागे त्या पोहोचत नाहीत. तिच्या मागल्या दोन पायांची टोके वल्ह्यासारखी चपटी असतात. त्या वल्ह्यांच्या मधोमध तळवा सरकवून, अंगठा पोटाखाली आणि बोटे पाठीवर, अशी तिची पाठ आवळून धरावयाची. एखादा पाय किंवा नांगी धरली तर ती तेवढा अवयव सोडून देऊन निसटते. पुढे कात टाकताना तो तिला पुन्हा फुटतो, पण आपला हात रिकामाच राहतो. पंचतंत्रातील खेकडा बगळ्याच्या पाठीवर होता म्हणूनच त्याने बाजी मारली, हे आजोबांनी आम्हांस त्याच दिवशी समजावून दिले. चोच कितीही लांब असली तरी ती पाठीवर वळत नाही. त्या गोष्टीचा असा अर्थ आम्हांस पुढे शाळेत कोणी सांगितला नाही.

वर आल्यावर नांग्या दुमडून सुंभाने बांधावयाच्या आणि ओल्या गोणपाटाखाली पाटीत ठेवावयाच्या. ओल राहिली तर चिंबोरी पाण्याबाहेरही पुष्कळ वेळ जिवंत राहते. पाटी घेऊन आमची आजी बाजारात जाई. बिळातल्या चिंबोऱ्या धरण्याचे कामही बव्हंशी स्त्रियाच करीत. टोकाला वाकवलेली लोखंडी सळई बिळात सारून, चिंबोरी नांगीने सळई आवळते तो धक्का हाताला जाणवला की हळूहळू बाहेर ओढावयाची, ही त्यांची रीत. पुरुष पाण्यात आणि स्त्रिया चिखलात अशी ती वाटणी होती. बाजारातील भावाची घासाघीस मात्र केवळ स्त्रियांची. तेथे आजोबांना तोंड उघडण्याची मुभा नव्हती.

या कामात धोका होता, हे सांगावयास नको. कालवांच्या धारदार कडांनी हात फाटत. शिंगाळ्याचा काटा लागला तर रात्रभर ठणका राही. आजोबांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे टोक एका मोठ्या नांगीने नेले होते. त्याविषयी त्यांनी चिंबोरीला कधी दोष दिला नाही. “मी घाई केली,” एवढेच ते म्हणत.

आता या लेखाचा मुख्य मुद्दा. जाळे जे सापडेल ते गोळा करते. लोखंडी कड्याला विणलेला फगही आमिषाला येईल त्या चिंबोरीला वर आणतो. निवड नंतर काठावर होते, आणि पुष्कळदा होतच नाही. हाताचे तसे नव्हे. हात वस्तू घेण्यापूर्वी तिला ओळखतो. पाठीची रुंदी तळव्यात मावली की चिंबोरी लहान आहे हे पाण्याखालीच कळते. पोटाखालील झडप अरुंद व निमुळती लागली तर नर, रुंद व गोलसर लागली तर मादी. अंगठ्याने पोटाची बाजू दाबली आणि ती दबली, तर नुकतीच कात टाकलेली, पोकळ. न दबली तर भरलेली. अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असे आपल्याकडे सर्वत्र म्हणतात. आजोबा मात्र चंद्रापेक्षा अंगठ्यावर अधिक विश्वास ठेवीत. लहान आणि पोकळ चिंबोऱ्या ते तळालाच सोडून देत. त्यांना पाण्याबाहेरची हवाही लागत नसे.

आणखी एक गोष्ट होती. चिंबोरीच्या मादीचा कात टाकण्याचा काळ जवळ आला की नर तिला आपल्या पोटाखाली घेऊन काही दिवस हिंडतो. तिचे कवच गळून अंग मऊ पडले म्हणजे त्यांचे मीलन होते, आणि ती पुन्हा टणक होईपर्यंत तो तिची राखण करतो. पुढे अंडी सोडण्यासाठी मादी खाडीबाहेर समुद्राकडे जाते. असे जोडपे हाताला लागले तर दोन चिंबोऱ्या एका बुडीत मिळतात, आणि तो नर जागचा हलत नाही म्हणून त्या सहज मिळतात. परंतु आजोबा जोडप्यावरून हात उचलीत. एकदा आम्ही बारा वर्षांचे असताना मोठ्या फुशारकीने असे जोडपे वर आणले. त्यांनी काही न बोलता ते आमच्या हातून घेतले, कमरेइतक्या पाण्यात जाऊन तळाला ठेवले आणि त्या दिवशी आमची बुडी बंद केली. घरी गेल्यावर आजीने कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “लग्नघरात शिरला होता.”

हे सांगताना आम्ही पूर्वजांना ऋषी ठरवू इच्छीत नाही. इतिहासलेखकाने सत्यास सोडू नये. मऊ चिंबोरीत मांस नसे, म्हणून तिला बाजारात कोणी विचारीत नसे. लहान चिंबोरीचे चार आणेही येत नसत. त्यांचा संयम काही अंशी श्रद्धेचा होता आणि काही अंशी व्यवहाराचा. उलट लाल गराने भरलेली मादी सर्वांत अधिक भावाने विकली जाई आणि ती आजोबा सोडीत नसत, हेही येथे नमूद केले पाहिजे. तथापि एवढे खरे की, ज्याचा हात आधी ओळखतो त्याला सोडून देणे शक्य असते. जो काठावर उभा राहून जाळे ओढतो त्याला ती संधीच नसते. आपल्या हातकरी पूर्वजांनी खाडी राखली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्यांच्या विद्येत खाडी राखण्याची सोय होती, असे आम्ही निःशंकपणे म्हणू शकतो.

येथे आम्ही आरंभी म्हटलेले खाजगी कारण सांगतो. आमच्या कोळीवाड्यात होडीवाले नाखवा आणि बिनहोडीचे हातकरी यांत अंतर होते. हे वाचून काही ज्येष्ठांस वाईट वाटेल. परंतु ते होते. ज्याला होडीवर जागा मिळत नाही तोच चिखलात हात घालतो, अशी समजूत होती. लग्नाच्या बोलण्यांत “मुलाचा बाप काय करतो?” या प्रश्नाला “चिंबोऱ्या धरतो” हे उत्तर देताना आवाज खाली जाई. आमच्या आत्याचे एक जमत आलेले लग्न याच उत्तरावर मोडले. पुढे आमचे वडील नोकरीस लागले, आम्ही शिकलो आणि मंडळाच्या कार्यात येऊ लागलो. काही वर्षांपूर्वी याच स्मरणिकेसाठी आम्ही ‘आपल्या समाजाची साधने’ या विषयावर लेख लिहिला. त्यात डोल, पाग, फग, वाणा, मचवा, होडी या सर्वांची माहिती दिली. हाताने चिंबोरी धरण्याविषयी एक शब्द लिहिला नाही. विसरलो असे म्हणण्याची सोय नाही. लिहिण्यास बसलो तेव्हा आजोबांचे तुटके बोट डोळ्यांसमोर होते. संकोच वाटला. समाजाने ज्याला कमी लेखले त्याचे नातू म्हणून छापील पानावर उभे राहण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. तेव्हा, नोंद न ठेवण्याचा दोष आम्ही केवळ इंग्रज गॅझेटियरकारांस देऊ शकत नाही. तो आमच्या लेखणीचाही आहे.

आता खाडीचे काय झाले ते पाहू. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी खाडीवरून पूल टाकून ती कल्याणकडे गेली. तेव्हापासून या पाण्यावर पूल वाढतच गेले. १९७० साली नव्या मुंबईच्या उभारणीस सिडकोची स्थापना झाली, १९७३ साली वाशीचा पूल झाला, १९८९ साली न्हावाशेवा येथे मोठे बंदर सुरू झाले आणि २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू वाहतुकीस खुला झाला. प्रगतीस विरोध करण्याचा आमचा उद्देश नाही. त्याच पुलांवरून आपली मुले कामास जातात. परंतु प्रत्येक भरावाबरोबर तळ बदलतो, आणि तळाची ओळख हेच ज्याचे भांडवल त्याचे भांडवल बुडते. १९६० नंतर खाडीच्या पूर्व काठी कारखाने उभे राहिले आणि त्यांचे सांडपाणी पाण्यात येऊ लागले. आजोबांच्या अंगाला बुडीनंतर खाज सुटू लागली, डोळे मिटलेले असूनही लाल होऊ लागले. एके दिवशी त्यांनी बांबू तळातून उपटून घरी आणला आणि तो परसातील मांडवाला लावला. पुन्हा ते पाण्यात उतरले नाहीत.

याच खाड्यांतून रेती काढणारेही बुडी मारीत. ‘डुबी’ म्हणून ओळखले जाणारे हे मजूर बांबूच्या आधाराने तळाशी जाऊन बादलीने रेती भरीत. त्यांची आणि चिंबोरी धरणाऱ्यांची रीत जवळजवळ एकच. पुढे रेती ओढणारे पंप आले आणि तळच वर येऊ लागला. ज्या खळग्यांत मोठ्या चिंबोऱ्या राहत ते खळगे उरले नाहीत, आणि उरले तेथे गाळाची जागा आणि खोली दर वर्षी बदलू लागली.

सुदैवाने चित्र सर्वस्वी काळे नाही. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीस मनाई केली. २०१२ साली महाराष्ट्र शासनाने कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष स्थापन केला. २०१५ साली ठाणे खाडीस रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून आणि २०२२ साली रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. २०२३ साली शासनाने ५४ जातींच्या मासळीची किमान आकारमाने ठरवून दिली. किनाऱ्यावरील काही गावांत बचत गट खेकडापालन करू लागले आहेत, तेही आनंदाचे आहे.

तथापि एक गोष्ट आपण डोळ्यांआड करू नये. ज्या मऊ चिंबोरीला पूर्वी कोणी विचारीत नसे तिला आज मोठ्या हॉटेलांत उत्तम भाव मिळतो. आणि जी लहान चिंबोरी चार आण्यांची नव्हती ती पोसून वाढविण्यासाठी विकली जाते. म्हणजे ज्या व्यवहाराने आजोबांच्या संयमास आधार दिला होता तो व्यवहारच उलटला आहे. आता लहान आणि मऊ चिंबोरी सोडावयाची तर ती केवळ समजुतीनेच सोडावी लागेल. आपल्यापैकी जी कुटुंबे आजही या धंद्यात आहेत त्यांना उपदेश करण्याचा अधिकार पंख्याखाली बसून लिहिणाऱ्या आम्हांस नाही. पण जोडप्यावरून हात उचलणारा एक माणूस आपल्यात होऊन गेला, हे त्यांच्या मुलांना ठाऊक असावे, एवढी आमची इच्छा आहे.

म्हणून सर्व सभासद कुटुंबांस आमची अशी विनंती आहे. आपल्या घरात हाताने चिंबोरी, कालवे किंवा मासळी धरणारे कोणी असतील वा होऊन गेले असतील, तर त्यांची नावे लिहून मंडळाच्या कार्यालयाकडे पाठवावी. ते कोणत्या खळग्यात, कोणत्या वळणावर, कोणत्या दगडाशी उतरत, त्या जागांना ते काय म्हणत, हेही लिहावे. कारण ती नावे कोणत्याही नकाशावर नाहीत आणि ज्यांना ती पाठ आहेत ती माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. घरातील वृद्ध स्त्रियांस अवश्य विचारावे. बिळांची माहिती पुरुषांपेक्षा त्यांना अधिक असे. ज्यांना लिहिण्याचा संकोच वाटेल त्यांनी आमच्या संकोचाचे उदाहरण समोर ठेवावे आणि तो बाजूस सारावा. आलेली सर्व माहिती पुढील वर्षीच्या स्मरणिकेत, होडीवाल्यांच्या यादीच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापण्याची सूचना आम्ही कार्यकारी मंडळाकडे लेखी दिली आहे.

त्या यादीचा आरंभ आमच्याकडून व्हावा हे उचित. पहिल्या ओळीत आमच्या आजोबांचे नाव, आणि त्यापुढे ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘बुडी मारून चिंबोरी धरणे’ असे आम्ही स्वहस्ते लिहून दिले आहे. दुसऱ्या ओळीत आजीचे नाव आहे. तिसरी ओळ आपली आहे.